थांबलं तिथून पुढे

सुलक्षणा दिघे ही माझ्या शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. तिच्यानंतर भोरमधली माझी टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली. दोष तिचा नाही, तरी मी तिला तसं चिडवते, आणि ती न चुकता म्हणते, "बाई, म्या तर फी बी वेळेवर दिली व्हती." एकोणतीस वर्षं मी या तालुक्यातल्या पोरापोरींना टंकलेखन शिकवलं. स्वभाव माझा तिरसट, चूक दिसली की गप्प बसवत नाही. दोन नियम मी प्रत्येकाच्या डोक्यात ठोकले. एक, काम झालं की मूळ कागदाच्या ओळी आणि आपल्या कागदाच्या ओळी मोजायच्या. आकडा जुळल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. दोन, मधेच उठावं लागलं तर परत आल्यावर पहिल्यापासून गिरवत बसायचं नाही. थांबलं तिथून पुढे. हे नियम चुकीचे आहेत असं मी आजही कुणाला म्हणू देणार नाही. पण त्यांनीच आमचा घात केला.

सुलक्षणा हिर्डोशीची. वरंधा घाटाकडे जाताना लागणारं डोंगरातलं गाव, भाताचं आणि नाचणीचं. सकाळची एसटी चुकली की ही पोरगी पुढच्या फाट्यापर्यंत चालत यायची आणि तिथून मिळेल त्या जीपला हात करायची. उशीर झाला म्हणून मी दारातच तिला झापायचे. तिनं कधी सबब सांगितली नाही. पदराला घाम पुसून सरळ यंत्रावर बसायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे वडील तिला सोडायला आले तेव्हा मला कळलं की ती किती चालते, आणि मला माझीच लाज वाटली. अर्थात तिला मी तसं सांगितलं नाही.

वडिलांचं नाव कोंडिबा, ती त्यांना आण्णा म्हणते. उंच, कमरेत जरा वाकलेले, डाव्या हाताची करंगळी अर्धी. गवत कापताना कोयत्यानं गेलेली. त्या दिवशी ते माझ्या बाकावर तासभर बसले. चौदा यंत्रं एकदम चालू होती. जाताना मला म्हणाले, "बाई, लई झ्याक वाटलं. पत्र्यावर पाऊस पडल्यागत." एकोणतीस वर्षांत माझ्या इन्स्टिट्यूटचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

पुढे यंत्रं भंगारात गेली. एक मी ठेवलं, आणि खोली सुलक्षणालाच भाड्यानं दिली. तिथं आता तिची 'सुलक्षणा ऑनलाईन' अशी पाटी आहे. दाखले, सातबारा, परीक्षेचे अर्ज, नोकरीचे अर्ज. भोरची माणसं येतात, वेल्ह्याकडची येतात, गडाखालच्या पालीहून खानावळवाले येतात. मी घरात करमत नाही म्हणून दिवसभर तिच्याकडे बसते आणि तिनं भरलेल्या अर्जातल्या चुका काढते. "बाई, पगार मागू नगा म्हंजी झालं," असं ती म्हणते.

गेल्या श्रावणात कोंडिबा हरवले.

दोन वर्षांपासून त्यांना विसरायला व्हायचं. आधी कोयता कुठं ठेवला ते विसरायचे, मग जेवलो का ते, मग गल्लीतली माणसं. एका सकाळी घोंगडी पांघरून, काठी घेऊन ते गुरांमागे गेले. गुरं परत आली, ते आले नाहीत. भावकीनं रान पालथं घातलं, पोलिसांत खबर दिली. पंधरा दिवसांनी घाटातल्या एका वळणावर, कठड्याला लागून, त्यांची काठी आणि घोंगडी सापडली. कठड्यापलीकडे शेदीडशे फूट सरळ दरी. माणसं दोर सोडून उतरली, पण पावसाळ्यात त्या दरीत माणूस दिसत नाही, आणि पावसाळ्यानंतरही काही मिळालं नाही.

कोंडिबांचे थोरले भाऊ चिमाजी, सुलक्षणा त्यांना आबा म्हणते. पितरपाटात त्यांनी पान ठेवलं तर कावळा शिवला नाही. तेव्हापासून त्या माणसाची झोप उडाली. भावाला पाणी मिळालं नाही, तो घाटात भटकतोय, या एका विचारानं ते खंगत चालले. दर्भाचा पुतळा करून कोंडिबांचा विधी उरकावा असं त्यांनी काढलं. सुलक्षणाची आई सखूबाई ऐकेना. "जित्ता न्हाई तर मेल्याला दावा. त्याबिगर म्या बांगडी काढायची न्हाई," एवढंच ती म्हणायची. पौष उजाडला तेव्हा दोघांनी एक तोड काढली. सुलक्षणा म्हणत होती की राज्यात सापडलेल्या अनोळखी माणसांची यादी नेटवर असते, जिवंतांची आणि मेलेल्यांची, दोन्ही. त्या यादीत कोंडिबा नसले तर दरीनंच नेलं असं समजायचं आणि पौषातल्या अमावास्येला विधी करायचा. चिमाजी म्हणाले, "चालंल." सखूबाई म्हणाली, "सुली सांगंल त्ये खरं."

एवढं ओझं त्या पोरीवर पडलं.

ती यादी म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. पुरुष, वय पन्नास ते ऐंशी, श्रावणापासून पुढे, असं घालून शोध दिला की वर आकडा येतो. त्या गुरुवारी सकाळी आला दोन हजार चारशे तीस. पण समोर फक्त दहा. खाली 'पुढील पान' असं बटण, दाबलं की आणखी दहा. अशी दोनशे त्रेचाळीस पानं. साईट इतकी मंद की एका पानाला मिनिटभर लागायचं, आणि मधेच अडकली की पुन्हा पहिलं पान. सुलक्षणानं दोन संध्याकाळी हातानं दाबून पाहिलं. चाळीस पानांपुढे ती एकदाही गेली नाही.

मग तिनं स्क्रिप्ट लिहिली. मोबाईलवर फुकटचे धडे पाहून ही विद्या तिनं एकटीनं शिकून घेतली होती. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली सूचनांची यादी: हे पान उघड, त्यातल्या दहा नोंदी उचल, आपल्या तक्त्यात ठेव, थोडं थांब, पुढचं पान उघड. अडकलं तर पुन्हा प्रयत्न कर. आणि किती पानं झाली ते लक्षात ठेव. मी खांद्यावरून वाचलं आणि म्हटलं, "म्हणजे टायपिस्ट ठेवलीस की गं."

"व्हय बाई. आन ही फी बी घेत न्हाई."

गुरुवारी आठ वाजता तिनं ते सुरू केलं. मी सवयीप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं वरचा आकडा लिहिला, २४३०. मूळ प्रतीच्या ओळी आधी लिहून ठेवायच्या, ही माझी जुनी खोड. साडेनऊच्या सुमारास लाईट गेली. आमच्याकडे गुरुवारी लाईट जातेच, तारांची कामं असतात. भोरमध्ये राहणारं कुणीही गुरुवारी महत्त्वाचं काम काढत नाही. पण अमावास्या रविवारी होती, आणि भीतीला वार कळत नाही. स्क्रिप्ट शहाण्णव पानांवर थांबली.

संध्याकाळी पाचला लाईट आली. सुलक्षणानं मला विचारलं, मला नीट आठवतं, माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, पयल्यापासनं लावू का?"

मी म्हटलं, "पहिल्यापासून कशाला? कधी शिकवलं होतं मी तुला तसं? थांबलं तिथून पुढे."

तिनं सत्त्याण्णवपासून लावलं. रात्रीपर्यंत शेवटचं पान आलं. तक्त्यात ओळी झाल्या दोन हजार चारशे एकोणीस. मी म्हटलं, साईटवर बघ. साईटवरही दोन हजार चारशे एकोणीस. मी कॅलेंडरात तो आकडा लिहिला, त्यापुढे बरोबरची खूण केली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. सकाळचा आकडा त्याच चौकोनात, बोटभर वर होता. मी तो पाहिला नाही. जुळलेल्या आकड्याचा आनंद माणसाला आंधळं करतो.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही वाचत होतो. दुकानाला आतून कडी. निम्म्या ओळी तिच्याकडे, निम्म्या माझ्याकडे, छापून घेतलेल्या. मी आयुष्यात पुष्कळ कागद वाचले, असे नव्हते वाचले. वर्ण सावळा, उंची साडेपाच फूट, धोतर. गळ्यात तुळशीची माळ. एका पायात चप्पल. खिशात एसटीचं तिकीट, बाकी काही नाही. नाव सांगता येत नाही. फक्त मुलीला हाक मारतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एका रकान्यात एकच अक्षर, 'जि' किंवा 'मृ'. जिवंत किंवा मृत.  सुलक्षणा पट्टी ठेवून वाचत होती, आणि शेवटचा रकाना तिनं तळव्यानं झाकलेला होता.

"तो का झाकतेस?"

"आदी खूण जुळू दे बाई. त्ये अक्षर आदी दिसलं तर मला पुढचं वाचवत न्हाई."

अर्धी करंगळी कुठंच नव्हती. एकदा तिची पट्टी थांबली, मीही उठून उभी राहिले. 'डाव्या हाताचे बोट नाही' असं होतं, पण अंगठा निघाला, आणि माणूस ठेंगणा. तिनं पुढची ओळ वाचायला घेतली. दोन दिवस ती पाण्याशिवाय फारसं काही घशाखाली उतरवत नव्हती. मी रागावले, तर म्हणाली, "ह्ये संपू दे बाई. मंग खाते."

शनिवारी दुपारी शेवटची ओळ संपली. कोंडिबा यादीत नव्हते.

हिर्डोशीत तिच्या घरी फोन लागत नाही. देवळामागच्या कातळावर तेवढी रेंज येते. सखूबाई ठरल्याप्रमाणे पाच वाजता तिथं उभी होती. सुलक्षणानं फोन स्पीकरवर टाकला, बहुधा एकटीनं ऐकवत नव्हतं म्हणून.

"आई, बगितलं समदं. आण्णा न्हाईत त्यात."

पलीकडे नुसता वारा. मग सखूबाई म्हणाली, "जित्यात न्हाईत?"

"न्हाईत."

"मेल्यात बी न्हाईत?"

"न्हाईत."

"नीट बगितलंस?"

सुलक्षणानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "व्हय आई. बाईंनी बी मोजलं. आकडा जुळला."

"मंग व्हऊ दे आबांच्या मनासारखं," सखूबाई म्हणाली, आणि फोन कसा बंद करायचा ते तिला न कळल्यामुळे कितीतरी वेळ तो वारा आमच्या दुकानात येत राहिला.

रविवारी सुलक्षणा नऊच्या एसटीनं निघणार होती. साडेआठला मला किल्ली द्यायला आली. डोळे सुजलेले. दारातच म्हणाली, "बाई, अमावास्या कवापर्यंत हाय बगा जरा. आबा म्हनलं व्हतं, साडेदहाला नदीवर."

मी चष्मा लावून कॅलेंडरापाशी गेले. अमावास्येची वेळ बघता बघता नजर मागच्या गुरुवारावर गेली. चौकोनात वर २४३०. खाली २४१९ आणि माझी बरोबरची खूण.

"सुलक्षणा, सकाळी चोवीसशे तीस होते. संध्याकाळी एकोणीस कसे गं? अकरा कुठं गेले?"

ती चपला घालत होती. म्हणाली, "त्यांची माणसं आली आसतील न्यायला. वळख पटली की नाव काढत्यात साईटवरनं."

"कुठल्या पानावरचे होते ते?"

"काय ठावं. आदीच्याच पानांवरचं आसतील, ती जुनी."

"मग ते अकरा आपल्या तक्त्यात आहेत का?"

"आसणारच की. आपण सकाळीच घेतलं त्यांना, शहाण्णव पानांत..."

ती बोलता बोलता थांबली. मलाही तेव्हाच उमगलं, आणि मी स्टुलावर बसले. काढून टाकलेले अकरा आमच्या तक्त्यात होते. तरी आमचा आकडा साईटच्या आकड्याइतकाच भरला होता. म्हणजे साईटवरचे दुसरे कुणीतरी अकरा आमच्याकडे नव्हते.

तुम्हाला सोपं करून सांगते. स्टँडवर रांग आहे. तुम्ही पुढून शहाण्णव माणसांची तोंडं बघितलीत आणि चहाला गेलात. तेवढ्यात पुढची अकरा माणसं गाडीत बसून गेली. रांग अकरानं पुढे सरकली. तुम्ही परत आलात आणि सत्त्याण्णवाव्या जागेपासून बघायला लागलात. मधली अकरा तोंडं तुम्ही कधी पाहिलीच नाहीत, कारण ती तुमच्या बघून झालेल्या जागांवर जाऊन उभी राहिली. रांग हलते हे मला एकोणतीस वर्षांत कधी शिकवावं लागलं नव्हतं. कागद कधी हलत नाही.

सुलक्षणानं संगणक चालू केला. साईट उघडायला लागली ती चार मिनिटं मला अजून आठवतात. तिचे नुसते ओठ हलत होते. स्क्रिप्टला पान नेमून देता येतं. तिनं चौऱ्याण्णव, पंचाण्णव आणि शहाण्णव एवढीच तीन मागवली. तक्त्यात आधी असलेल्या नोंदी वगळल्यावर अकरा उरल्या. पडद्यावर ओळींचा डावा भागच दिसत होता. शेवटचा रकाना बघायला उजवीकडे सरकवावं लागतं.

सातवी ओळ. 'पुरुष, वय अंदाजे ६५, उंच. डाव्या हाताची करंगळी अर्धी. नाव, गाव सांगता येत नाही.'

सुलक्षणाचा हात माऊसवर होता आणि तो हलेना. "बाई, तुमी सरकवा," ती म्हणाली. मी तिच्या हातावर हात ठेवून सरकवलं. खरं सांगते, मी डोळे मिटले होते. देवाचं नाव घ्यायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

तिनं किंकाळी फोडली. मी डोळे उघडले तर अक्षर 'जि' होतं.

महाडच्या पलीकडे, निराधार लोकांसाठी चालवलेल्या एका आश्रमात. म्हणजे घाटाच्या दुसऱ्या बाजूला. माणूस दरीत पडलाच नव्हता. काठी-घोंगडी कठड्यापाशी विसरून तो कुठल्यातरी गाडीत बसून घाट उतरून गेला होता. आश्रमाचा नंबर होता, लागला नाही. सखूबाईला फोन करायचा तर कातळावर आज कुणी उभं असणार नव्हतं. नऊची एसटी निघून गेली होती. मी नोंद फोटोसकट छापून घेतली, कारण कागदाशिवाय माझा कशावरच विश्वास नाही, आणि शेजारच्या गोरखला हाक मारली. गोरखचा टेम्पो आहे, तो भाजी आणायला निघाला होता. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

धरणाच्या कडेनं जाणारा तो रस्ता वळणावळणाचा. सुलक्षणा मधे बसली होती आणि कागद छातीशी धरून एकच वाक्य म्हणत होती, "बाई, आबा वेळंचं लई पक्कं हायती." मी म्हणत होते, अगं खेड्यातले विधी कधी वेळेवर होतात का. साडेदहा वाजून गेले तेव्हा आम्ही अजून पाच-सहा किलोमीटर लांब होतो. गोरखनं हॉर्नवरचा हात काढला नाही.

नदीच्या काठावर धूर होता.

दर्भ जळायला वेळ लागत नाही. आम्ही उतरून धावलो तेव्हा तिथं मूठभर राख होती आणि कोंडिबांच्या टोपीचा न जळलेला काठ. चिमाजी पाण्यात उभे. बाया एका बाजूला. सखूबाई दगडावर बसलेली, दोन्ही मनगटं मोकळी, पायाशी हिरव्या काचा. सुलक्षणा तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसली आणि कागद पुढे धरला. "आई, आण्णा जित्तं हायती. म्या चुकले. अकरा माणसं ऱ्हायली व्हती बगायची."

 चिमाजी पाण्यातून बाहेर आले. म्हणाले, "कालच न्हाई म्हनलीस ना तू? आकडा जुळला म्हनलीस. आता कुणाचा फोटू आणलास ह्यो?"

फोटोतला माणूस खरंच ओळखू येत नव्हता. डोकं भादरलेलं, दाढी वाढलेली, नजर भलतीकडे. सखूबाईला वाचता येत नाही. तिनं तोंडाकडे पाहिलंच नाही. फोटोत त्यानं डावा हात छातीवर ठेवला होता, त्यावर तिनं अंगठा फिरवला. मग दोन्ही मनगटं झटकन पदराखाली घेतली. "ह्ये हात त्यांला दिसू देऊ नगा," ती म्हणाली.

 "म्या माझ्या भावाला जित्ता जाळला," असं चिमाजी पुन्हा पुन्हा म्हणू लागले. सुलक्षणा म्हणाली, "तुमी न्हाई आबा, म्या." मी मागे उभी होते. 'थांबलं तिथून पुढे' हे कुणी सांगितलं होतं ते मी तिथं बोलले नाही. नंतर सखूबाईला एकटीला गाठून सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तुमी व्हता म्हणून कागूद तरी आला." मला ते जास्तच लागलं.

देवळामागच्या कातळावर तिसऱ्या खेपेला आश्रमाचा फोन लागला. नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. मधे काय झालं असेल, माणूस तिथूनही निघून गेला असेल, या भीतीनं आम्ही सगळे त्या एका मोबाईलभोवती वाकून उभे होतो. पलीकडचा माणूस म्हणाला, "करंगळीवाले बाबा ना? आहेत की. जेवायला बसलेत." चिमाजी कातळावरच आडवे पडून लहान मुलासारखे रडले.

मंगळवारी गोरखच्याच टेम्पोतून त्यांना आणलं. पण विधी झालेला माणूस तसा उंबऱ्याच्या आत घेता येत नाही. भटजींना विचारलं, ते म्हणाले, नव्यानं जन्माला आला असं समजून बारसं करा. मग देवळाच्या ओट्यावर पासष्ट वर्षांच्या कोंडिबांचं बारसं झालं. बहिणीनं त्यांच्या कानात 'कोंडिबा' म्हटलं. ते हसले, गुदगुल्या झाल्यासारखे. सखूबाईनं नव्या बांगड्या भरल्या होत्या. तिच्याकडे बघून म्हणाले, "तुमी कुणाच्या वो?" ती म्हणाली, "हितल्याच," आणि त्यांच्या हातावर गूळ ठेवला.

आता ते दोघं भोरलाच असतात, सुलक्षणाच्या राहत्या खोलीत. दिवसा कोंडिबा दुकानात माझ्या जुन्या बाकावर बसतात. मी कधीकधी ते एक राहिलेलं यंत्र काढते आणि काहीबाही बडवते. तेव्हा ते वर पत्र्याकडे बघतात.

आल्यावर आठवड्याभरानं एक काम राहिलं होतं. यादीतून त्यांची नोंद काढायची. आश्रमानं कागद पाठवला होता, सुलक्षणानं अर्ज भरला, मी चुका काढल्या, एकही निघाली नाही. शेवटचं बटण तेवढं दाबायचं होतं. ती दाबेना.

"काय झालं आता?"

"बाई, आण्णांचं नाव निघालं की त्यांच्या मागचा एक जण वर सरकणार."

"हो."

"आन कुणीतरी आत्ता, ह्याच टायमाला, आपल्यागत शहाण्णव पानं वाचून थांबलं आसंल."

 दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, पण इथं फुंकायचं तरी कशावर. नोंद ठेवली तरी पाप, काढली तरी भीती. शेवटी तिनं बटण दाबलं. वरचा आकडा एकानं उतरला. मी तो कॅलेंडरात लिहिला. मग तिनं शहाण्णवावं पान उघडलं, आणि जो माणूस वर सरकून कोंडिबांच्या जागी आला होता त्याची ओळ आम्ही दोघींनी वाचली. वय अंदाजे सत्तर. गळ्यात माळ. फक्त मुलीला हाक मारतो. जिवंत.